चौकात माणसे मोजा

रस्ता कोणाचा, हा प्रश्न सरळ रस्त्यावर सहसा कोणाला पडत नाही. तो पडतो चौकात. सरळ रस्त्यावर मोटार पुढे निघून जाते, सायकल कडेने जाते, पादचारी कुठून तरी वाट काढतो आणि प्रत्येकाला आपला हक्क अबाधित असल्याचा समज बाळगता येतो. चौकात मात्र एकाला पुढे जाऊ द्यायचे तर दुसऱ्याला थांबवावे लागते. कोणाला किती थांबवायचे, याचा निर्णय कोणी घेतला नाही तरी तो होतच असतो. आणि निर्णय घेणारा कोणी नसला की तो ज्याचे वाहन मोठे त्याच्या बाजूने लागतो. म्हणून गर्दीच्या चौकाची फेररचना हा विषय वरकरणी अभियंत्यांचा वाटला तरी मुळात तो न्यायाचा आहे. महाराष्ट्रात जेथे जेथे अशी फेररचना योजिली गेली तेथे तेथे वाद झाले. वाद होणे हे दुश्चिन्ह नव्हे. कशाचे मोजमाप करायचे हेच न ठरवता दोन्ही बाजू भांडत राहतात, हे मात्र खचित दुश्चिन्ह आहे.

वरूडसारख्या तालुक्याच्या गावातील असा वाद मोठ्या मथळ्यांत येत नाही. पण तो रोज घडतो. सातपुड्याच्या पायथ्याचे, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे हे गाव २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या घरात होते. अमरावती-मोर्शीकडून, नागपूर-काटोलकडून, पांढुर्ण्याकडून आणि आर्वी-आष्टीकडून येणारी वाहने येथे एकवटतात. जरूड, बेनोडा, पुसला, शेंदुरजनाघाट अशा गावांचे व्यवहार वरूडशी जोडलेले आहेत. एसटीचे आगार येथे आहे. त्यात संत्र्याचा हंगाम वर्षातून दोनदा येतो : अंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहाराची उन्हाळा तापण्याच्या सुमारास. त्या दिवसांत ट्रकांच्या रांगा, एसटीच्या गाड्या, ऑटो, काळीपिवळी, सायकलींवरची मुले आणि रस्त्याच्या कडेचे ठेले या सर्वांना तेच मोजके चौक पुरवून वापरावे लागतात. अशा ठिकाणी दोन मते हटकून निघतात. एक म्हणते, रस्ता रुंद करा, ठेले हटवा, वाहने न थांबता जाऊ द्या. दुसरे म्हणते, बसला थांबायला निश्चित जागा द्या, सायकलींना वेगळा पट्टा द्या, पादचाऱ्याला अर्ध्या वाटेवर उभे राहता येईल असा दुभाजक द्या; मोटारींचा वेग थोडा कमी झाला तरी बिघडत नाही.

या दोन मतांचा झगडा शेवटपर्यंत लढला गेला तो पुण्यात. पुणे आणि वरूड यांची तुलना करणे हास्यास्पद वाटेल. परंतु मोठ्या शहराने कोट्यवधी रुपये खर्चून केलेल्या चुका लहान गावाला फुकट शिकता येतात, हा लहान गावाचा एक लाभच आहे. शिवाय आज तालुक्याच्या गावांत दुचाकी आणि मोटारींची जी वाढ दिसते, ती पुण्याने काही दशकांपूर्वी अनुभवली आहे. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ओळख होती, ते शहर एका पिढीत दुचाकींचे झाले आणि मग सायकल परत आणण्यासाठी त्याला २०१७ मध्ये स्वतंत्र सायकल आराखडा मंजूर करावा लागला. जे होते ते आधी घालवायचे आणि मग ते परत आणण्याच्या योजना आखायच्या, हा क्रम वरूडने गिरवण्याचे कारण नाही.

पुण्याचा विद्यापीठ चौक, म्हणजे आचार्य आनंदऋषीजी चौक, हे पहिले उदाहरण. गणेशखिंड, औंध, बाणेर आणि पाषाण या दिशांची वाहतूक तेथे एकत्र येते. या कोंडीवर अक्सीर इलाज म्हणून उड्डाणपूल बांधण्यात आले. कोंडी काही काळ हलली आणि मग वाहने वाढली तशी परत आली. पुढे मेट्रोचा मार्ग त्याच जागेवरून न्यायचे ठरले, तेव्हा हे पूल त्या मार्गाच्या आड येतात असे दिसून आले, आणि २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ते पाडून टाकण्यात आले. शंभर वर्षे टिकायचे बांधकाम पंधरा वर्षांच्या आसपास जमीनदोस्त झाले. त्या जागी दुमजली पुलाची योजना आली. त्याचा एक भाग वाहतुकीस खुला व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. मधली पाच वर्षे त्या चौकातून बसने, सायकलने आणि पायी जाणाऱ्यांनी काय सोसले याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडायचा नाही. मोटारी किती वेगाने पार होतील एवढाच प्रश्न विचारून चौक बांधला, की त्याचे उत्तर दर दशकाला नव्याने बांधावे लागते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे, आणि बसचा व सायकलचा कैवार घेणाऱ्यांनी ते अधिक लक्षपूर्वक वाचले पाहिजे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर पुण्याने बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू केली. देशातील हा पहिला प्रयोग. केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून त्याला पैसा मिळाला. कल्पना उत्तम होती. अंमल अर्धा होता. मार्गिका सलग नव्हती. ती सरळ रस्त्यावर होती, परंतु जेथे बसला तिची खरी गरज, त्या मोठ्या चौकांजवळ ती संपत असे आणि बस पुन्हा त्याच गर्दीत मिसळे. सायकलमार्ग तुटक होते. कोठे त्यावर वाहने उभी राहत, कोठे विक्रेते बसत. बसथांबा रस्त्याच्या मध्यावर आणि तेथवर जाण्याची सुरक्षित वाट मात्र नाही, अशी स्थिती होती. २०१५ आणि २०१६ मध्ये पुढील मार्ग अधिक काळजीपूर्वक बांधले गेले. त्यांतील नगर रस्त्यावरील मार्गिका २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उखडण्यात आली. ‘बसच्या मार्गिकेमुळे कोंडी होते’ हे विरोधकांचे म्हणणे शेवटी ग्राह्य ठरले. योजना शत्रूंनी मारली असे म्हणणे सोपे आहे. खरे पाहता तिला अर्धवट करून सोडणाऱ्यांनी ती आधीच निम्मी मारली होती.

हीच कथा दिल्लीत घडली. तेथील आंबेडकरनगर ते मूलचंद हा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, तो रद्द करावा ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली होती. पण न्यायालयाने वाचवलेली योजना राजकारणाने संपवली. याउलट अहमदाबादने २००९ मध्ये सुरू केलेली ‘जनमार्ग’ सेवा टिकली. रस्ते दोन्हीकडे भारतीयच होते, वाहनचालकही भारतीयच. ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ हे आपल्याकडचे आवडते स्पष्टीकरण त्यामुळे फारसे पुढे जात नाही. अहमदाबादेत मार्ग, थांबे, तिकीट आणि कारभार यांचा एकत्र विचार झाला. इतरत्र मार्ग एकाने बांधला, बस दुसऱ्याने चालवली आणि दंड तिसऱ्याने करायचा होता.

मग मोजमाप कशाचे करायचे? केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले, त्याचे सूत्र असे की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटली जावी. सूत्र कागदावर राहिले. परंतु ते पडताळून पाहण्याची साधने अभियंत्यांच्याच हाती आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये शहरी रस्त्यांसाठी जे निकष दिले, त्यांत प्रत्येक वाहनाचा भार मोटारीच्या पटीत मांडला आहे. मोटार एक धरली तर बस किंवा ट्रक २.२ ते ३.७ आणि सायकल ०.४ ते ०.५. म्हणजे भरगर्दीत एक बस जास्तीत जास्त पावणेचार मोटारींइतका रस्ता अडवते. तीत चव्वेचाळीस प्रवासी बसले आहेत असे धरा. हेच प्रवासी मोटारीत दोन-दोन बसून निघाले तर बावीस मोटारी लागतील. सहापट रस्ता! बस मोठी दिसते, चौकात वळताना सर्वांना थांबवते, म्हणून ती कोंडीचे कारण वाटते. गणित सांगते की चौकातील सर्वांत काटकसरी वाहन तीच आहे, आणि तिच्यानंतर सायकल.

यावर असे म्हटले जाईल की लोकांनाच आता मोटारी हव्या आहेत. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता असे विचारले होते. देशभरात पायी जाणारे सुमारे २३ टक्के, सायकलने जाणारे १३, बसने जाणारे ११ आणि मोटारीने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. त्यानंतर दुचाकी आणि मोटारी पुष्कळ वाढल्या आहेत, हे खरे. परंतु शाळेत जाणारी मुले, दवाखान्यात येणारे म्हातारे आणि बाजाराला येणाऱ्या बाया त्या गणनेत मुळीच नव्हत्या. तालुक्याच्या चौकात ज्यांची संख्या अधिक, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती सुकाणू नसते; म्हणून त्यांचे म्हणणे हॉर्नच्या आवाजात ऐकू येत नाही.

ऐकू येते ते अपघातानंतर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती आणि जवळजवळ २० टक्के पायी चालत होती. वेगाचा हिशेब क्रूर असतो : ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने धडक बसलेली व्यक्ती बहुधा वाचते, वेग पन्नासच्या पुढे गेला की मृत्यूची शक्यता झपाट्याने वाढते. चौकात मोटारींना न थांबता डावीकडे वळता यावे म्हणून कोपरे गोल आणि रुंद केले जातात. त्यामुळे वळणावर वेग वाढतो, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यावरून सायकलस्वार व पादचारी रस्ता ओलांडत असतात. कोपरा आवळला, मध्ये छोटा दुभाजक दिला, तर मोटारीचे फार तर काही क्षण जातात. या क्षणांच्या बदल्यात काय मिळते हे सांगायला हवे का?

आज सायकलींसाठी वाखाणला जाणारा नेदरलँड्स देशही असाच शहाणा जन्मला नव्हता. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यांवर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या मागणीला बळ दिले आणि पुढची काही दशके चौकांमागून चौक बदलत गेले. तेथील चौक बदलले ते हवामानामुळे किंवा संपत्तीमुळे नव्हे. मुलांचे मरण हा रहदारीचा अटळ खर्च आहे, असे मानण्यास लोकांनी नकार दिला म्हणून ते बदलले.

तरीही विरोध करणाऱ्यांना अडाणी किंवा स्वार्थी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. दुकानदाराची भीती अशी की गाड्या दारात उभ्या राहिल्या नाहीत तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जाईल. ही भीती खोटी नाही. पण तिच्यात एक विसर आहे. दारात उभी राहिलेली मोटार बहुतेक वेळा एकाच गिऱ्हाइकाची किंवा खुद्द दुकानदाराचीच असते, आणि त्याच दारावरून पायी जाणारी शंभर गिऱ्हाइके तिच्यामुळे रस्त्याच्या मध्यावर ढकलली जातात. संत्रा उत्पादकाची चिंता याहून रास्त आहे. फळ नाशवंत असते. ट्रक अडकला तर नुकसान शेतकऱ्याचे. त्याला उपाय ट्रकांच्या वेळा आणि वाट ठरवण्याचा आहे. शाळा भरण्या-सुटण्याचा तास आणि ट्रक निघण्याचा तास वेगळा ठेवता येतो. ठेलेवाल्यांविषयी तर कायदाच बोलतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण न करता त्यांना हुसकावता येत नाही. त्यांच्यासाठी समिती नेमून जागा ठरवावी लागते. बसथांब्याजवळ चहाचा ठेला असणे ही प्रवाशाचीही सोय आहे. तो थांब्यावरच नसावा, थांब्याच्या मागे असावा, एवढेच रचनेने पाहायचे आहे.

खरी अडचण दुसरीच आहे. चौकाला मालक पुष्कळ आणि वाली कोणीच नाही. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्गाच्या यंत्रणेचा, गल्ल्या आणि नाल्या नगरपरिषदेच्या, स्टँड एसटी महामंडळाचा, आणि शिट्टी पोलिसांची. एकाने रंगवलेला पट्टा दुसरा खोदतो, आणि दुसऱ्याने बसवलेला कठडा तिसरा हलवतो. पुण्याच्या बसमार्गाचे जे झाले ते याच कारणाने झाले, आणि लहान गावी तर या सर्वांना एका टेबलाशी बसवणारेही कोणी नसते. राज्यातील बहुतेक नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. प्रदीर्घ खंडानंतर २०२५ च्या डिसेंबरात त्यांच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेल्या सभागृहाने गटारे आणि पथदिवे यांच्याबरोबर चौकाचाही विषय पटलावर घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

हा विषय घ्यायचा तर आधी काय करावे? आधी मोजावे. दोन दिवस, एक बाजाराचा आणि एक साधा, सकाळी सात ते रात्री आठ चौकातून जाणारी माणसे मोजावीत. वाहने नव्हेत, माणसे. हे काम महाविद्यालयातील विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उत्तम करू शकतील, आणि नागरिकशास्त्राचा त्याहून चांगला धडा त्यांना पुस्तकात मिळणार नाही. ही मोजणी संत्र्याच्या हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा व्हावी. आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लावावेत. मग सिमेंट ओतण्याऐवजी रिकामे पिंप, वाळूच्या गोण्या आणि चुन्याचे पट्टे यांनी नवी रचना महिनाभर करून पाहावी. बस चौकाच्या तोंडाशी न थांबता चौक ओलांडून पुढे थांबावी. सायकलींचा पट्टा चौकाच्या अलीकडे संपू नये, पलीकडे पोहोचावा. ऑटो आणि काळीपिवळीला ठरलेली जागा असावी. पादचाऱ्याला एका दमात पूर्ण रस्ता ओलांडावा लागू नये. महिन्याअखेर दुकानदार, ठेलेवाले, चालक, वाहक, शिक्षक आणि पालक यांना बोलावून काय साधले आणि काय फसले ते उघडपणे ऐकावे. चुन्याचा पट्टा पुसता येतो. उड्डाणपूल पुसायला पाच वर्षे लागतात. मात्र जे शेवटी ठरेल ते चौकाच्या सर्व बाजूंना आणि सलग करावे. अर्धी रचना ही रचनेच्या विरोधकांना दिलेली देणगी असते.

असा प्रयोग फसला तर खर्च थोडका. न केला तर त्याचा भार कोणावर पडतो, हे उघड आहे. या राज्यात ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांतील शिक्षण बसच्या चाकांवर किती अवलंबून आहे, हे सर्वांना कळून चुकले. परंतु पास आणि सवलत यांनी मुलगी स्टँडपर्यंतच येते. स्टँड ते शाळा एवढे अंतर तिला आजही स्वतःच्या हिमतीवर पार करावे लागते, आणि त्या अंतरात चौक असतो. सायकलवर येणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर त्या चौकाच्या भयाने आईबाप सायकलच बंद करतात, आणि काही घरांत मग शाळाही. रस्ता रुंद झाला की गाव मोठे झाले असे मानण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. बारा वर्षांची मुलगी कोणाचा हात न धरता जो चौक ओलांडू शकते, तो चौक गावाच्या मोठेपणाची अधिक भरवशाची साक्ष देईल. त्या कसोटीवर वरूडने आपले चौक तपासावेत, आणि तपासणी मोटारींच्या नव्हे, माणसांच्या मोजणीने सुरू करावी.